हॉलमॉन्डेस्टोनचे सर

सर ‘आपल्या गावात’ म्हणाले की नव्या माणसाला वाटायचं, कराडबद्दल बोलताहेत. पण कराड हे सरांचं घर होतं. गाव म्हणजे हॉलमॉन्डेस्टोन, इंग्लंडमधलं, जिथे त्यांनी उभ्या आयुष्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. कराडच्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून ते सिंगापूरला लेकीकडे आले. मंजिरीताईंच्या पुंगोलच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती, म्हणून हे गाव माझ्याही वाट्याला आलं. मी तेव्हा पोस्टडॉक करत होते.

तरुणपणी सरांना रद्दीत त्या गावाचं जुनं माहितीपुस्तक सापडलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी गाव पाठ केलं. चर्चमागे एका कवीची कबर, वळणावर एका कादंबरीकार बाईंचं तीन खिडक्यांचं घर, आणि लढाई हरून पळणाऱ्या राजाने घोड्याला पाणी पाजलं तो दगडी हौद. कविता शिकवायची झाली की ते वर्गाला आधी या गावातून फिरवून आणत. पुंगोलच्या पाण्याकाठी संध्याकाळी फिरताना मलाही नेत. “आपल्या गावचा ओढा याच्या निम्मासुद्धा नाही,” ते म्हणत, “पण इथे एवढ्या पाण्याचा उपयोग काय? काठावर एक कवी नाही!” समोरून घामाघूम धावत येणारा माणूस कवी नसेल कशावरून, असं मी विचारलं, तर म्हणाले, “कवी धावत नाहीत.”

उच्चारांच्या बाबतीत मात्र सर कर्दनकाळ. “अक्षरं खाऊ नका, भूक लागली तर डबा खा,” असं वर्गात बजावायचे. सात वर्षांची नात सिंगापुरी इंग्रजीत “कॅनॉट ला, आजोबा!” म्हणाली की ते दचकत. “हा ‘ला’ कुठून आला? लिहून दाखव.” नात म्हणायची, “नो नीड टु राइट, ला!” आणि पळून जायची.

गुडघा दाखवायला मी एकदा त्यांना नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. शेजारी एक वयस्क इंग्रज बाई बसल्या होत्या. त्या कुठल्या भागातल्या हे कळताच सरांचा चेहरा उजळला. “हॉलमॉन्डेस्टोन माहीत आहे?” बाईंना काही कळेना. सरांनी अपॉइंटमेंटच्या कागदामागे स्पेलिंग लिहून दाखवलं. “ओह, हम्स्टन!” बाई हसून म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि त्या आत गेल्या.

परतताना मेट्रोत सरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मग चार दिवस ते फिरायला आले नाहीत. शेवटी मीच विषय काढला. “पस्तीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं गं,” ते म्हणाले. “आणि नावच चुकलं, तर बाकीचं तरी खरं कशावरून? कोण गेलंय बघायला?”

“गावकऱ्यांनीच अर्धं नाव गिळलंय, सर. त्यात तुमचा काय दोष?”

ते हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, “शुद्धिपत्र काढायचं.” जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर. मंजिरीताई म्हणाल्या, “बाबा, कशाला? हसतील सगळे.” “हसू देत,” सर म्हणाले. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: ‘शुद्धिपत्र. मी शिकवलेला हॉलमॉन्डेस्टोन हा उच्चार चुकीचा आहे. हम्स्टन असा वाचावा. चुकीबद्दल दिलगीर आहे.’ पाठवायचं बटण मात्र त्यांनी स्वतः दाबलं, आणि फोन उलटा करून ठेवला.

आधी नुसते जोडलेले हात आले. मग इंग्लंडमध्ये राहणाऱ्या शिरीषचा निरोप आला: ‘सर, मी नऊ वर्षांपूर्वीच तिथे जाऊन आलो. कबर आहे. तिन्ही खिडक्या आहेत. हौदात आता फुलझाडं लावली आहेत. नाव तेव्हाच कळलं होतं, पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.’

सरांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. “हौद आहे ना?”

“आहे, सर.”

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “गाढव लेकाचा! चूक दिसली आणि नऊ वर्षं गप्प बसला. लिही, एक मार्क कापला.” मी लिहायला लागले, तर म्हणाले, “थांब, खोड ते. लिही, फुलं कसली आहेत?”

पुढच्या वर्षी सर कराडला परतले आणि दोन वर्षांनी गेले. त्यानंतर एका परिषदेसाठी मी इंग्लंडला गेले, तेव्हा शिरीषने मला ते गाव दाखवायला नेलं. बसमध्ये त्याने व्यवस्थित ‘हम्स्टन’ सांगितलं. हौदापाशी उभी राहिले. हे सगळं बघायला सर हवे होते, दुसरं काही मनात येईना. तेवढ्यात कराडहून शिरीषच्या आईंचा फोन आला. कुठे आहेस, म्हणून त्यांनी विचारलं.

“हॉलमॉन्डेस्टोनला,” तो म्हणाला.

“म्हणजे सरांच्या गावी होय!” फोनमधून आवाज आला. “बरं झालं गेलास.”