न धुतलेली साडी

आमच्या गल्लीत शिवगंगाबाईंच्या आवाजावर घड्याळं लावतात. सकाळी साडेसहाला त्या दारात उभ्या राहून दूधवाल्याला हाक मारतात आणि तो अजून दोन चौक लांब असतानाच 'आलो, आलो' म्हणतो. एकदा त्यांनी समोरच्या घरी वाटीभर डाळ मागितली, तर मागच्या आळीतून दोघी डाळ घेऊन आल्या. यात त्यांचा काही दोष नाही. तो आवाज माळावर घडलेला आहे, त्याला गल्लीत वापरायची वेळ आली एवढंच.

त्यांचं माहेर तेरच्या पुढं, माळावरच्या वस्तीवर. चाळीस शेरडं, चार एकर ज्वारी आणि पत्र्याची एक खोली. खोली भांड्यांना राहण्यासाठी आहे, माणसं बाहेर राहतात. स्वयंपाक बाहेर, झोपणं बाहेर, भांडणं तर बाहेरच. पाहुण्याला तिथं 'आत या' म्हणत नाहीत, 'बसा लिंबाखाली' म्हणतात. त्या घरातून छपराखाली नांदायला आलेली पहिली लेक म्हणजे शिवगंगाबाई. धाराशिवात येऊन एकोणीस वर्षं झाली, पण छताशी त्यांचं अजून जमलेलं नाही. पौषाच्या थंडीतसुद्धा त्यांची बाज अंगणात असते.

नवरा महारुद्र. गुरांची दावी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा विकतात. आठवड्याचे सहा दिवस सहा बाजारांना असतात आणि सातव्या दिवशी घरी बसून दोर वळतात. वर्षातून चार वेळा बोलतात, त्यातल्या तीन वेळा 'बरं' म्हणतात. घरात मूल नाही. म्हणजे दिवसभर त्या घरात शिवगंगाबाई, खुंटीवरची दावी आणि तो आवाज. माझ्या बायकोला, महेश्वरीला, त्या एकदा म्हणाल्या, "वैनी, हितं हाक मारली की लोकं खिडकी लावत्यात. आमच्या माळावर निदान डोंगर तरी ओ देतंय."

महेश्वरी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ भांडी लावत बसली. आधीच लावलेली भांडी.

तर, गेल्या जूनमध्ये शिवगंगाबाईंच्या भावाला, रणधीरला, जुळं झालं. एक मुलगी, एक मुलगा. आमच्याकडं जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळी उस्मानाबादीच राहिली आहे, आणि ही शेळी जुळं देण्यात पटाईत. त्यामुळं वस्तीवर जुळ्याचं कौतुक झालं, आश्चर्य झालं नाही. शिवगंगाबाईंच्या आई धुरपदाबाई नातवंडं बघून म्हणाल्या म्हणे, "सूनबाई आमच्या शेरडांच्या खांडाला शोभली." सून अर्पिता तेव्हा अर्धवट शुद्धीत होती, म्हणून वाचलं.

मुलीचं नाव तेरणा ठेवलं, मुलाचं श्रीनाथ. तेरणा नावाप्रमाणं पावसाळ्यातली नदी. दणकट, सारखी खळाळणारी. श्रीनाथ उन्हाळ्यातला ओढा. दिवाळीत अर्पिताला ताप भरला तो उतरेना. डॉक्टरांनी सांगितलं, या अंगावर दोन पोरं झेपणार नाहीत, डब्याचं दूध सुरू करा, आणि थंडीला जपा. वस्तीवर थंडीला जपायचं म्हणजे कुठं जपायचं? अर्पिताच्या माहेरी तिच्या भावजयीचं बाळंतपण. मग धुरपदाबाईंनी शेरडांचा कायदा लावला. दुबळं करडू आईपाशी ठेवायचं, दणकट दुसरीला लावायचं.

तेरणा शिवगंगाबाईंकडं आली. बोली ठरली ती येळवशीपर्यंत. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी जिल्ह्यातली गावंच्या गावं कुलूप लावून शेतात जातात. तेव्हा पोरगी आईच्या मांडीवर परत.

गल्लीत कुजबुज झालीच. मुलगी आहे म्हणून दिली. ती कुजबुज तेरपर्यंत पोचली, तेव्हा धुरपदाबाईंनी फोनवरून आख्ख्या गल्लीला उत्तर दिलं. "आमच्यात बोकड इकत्यात आन मादी पाट ठिवत्यात. तुमच्या शहराला आक्कल न्हाय, त्याला मी काय करू?"

पोरीबरोबर दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे हुकूम, की अर्पितानं भेटायला जायचं नाही. करडाला मधेच आई दाखवली की ते दुसरीला तोंड लावत नाही. "फोनात बघा किती बी," म्हातारी म्हणाली, "फोनाला वास न्हाय." दुसरी गोष्ट म्हणजे अर्पिताची घरात नेसायची जांभळ्या काठाची सुती साडी. न धुतलेली. ती रोज रात्री पोरीच्या अंगावर पांघरायची, म्हणजे परत जाताना तिला आईचा वास ठाऊक असेल. "आन धुवायची न्हाय, शिवे. तुला सांगाया नगं."

खरंच सांगायला नको होतं. माळावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की करडू कायमचं दुसऱ्या शेळीला लावायचं असेल, तर आधी पहिलीचा वास धुऊन काढतात.

मग आमच्या गल्लीनं जो हिवाळा पाहिला तो मी काय सांगू! अंगणातल्या लिंबाला झोळी बांधली ती महारुद्रांनी. घुंगरमाळेसकट. पोरीनं पाय हलवला की बैलगाडी निघाल्यासारखा आवाज व्हायचा. सकाळी कोवळ्या उन्हात तेल लावणं, मग ओव्याची धुरी, आणि दुपारी पोरीला पाठुंगळी बांधून शिवगंगाबाई हातलाईच्या डोंगराकडं निघायच्या. महेश्वरी ओरडायची, "अहो, वारं लागंल तिला!"

"वैनी, वाऱ्याला बी मग काय लागू द्यायचं का न्हाय?"

डोंगरावर जाऊन त्या पोरीला हाक मारायला शिकवत होत्या. पाच महिन्यांच्या! स्वतः हाक मारायच्या, डोंगर ओ द्यायचा, आणि पाठीवरून एक बारीक किंकाळी निघायची. महारुद्रांनी त्या दोन महिन्यांत तीन बाजार बुडवले. कारण विचारलं तर म्हणाले, "दोर वळायचा होता." एवढा दोर वळला की त्यात हत्ती बांधता आला असता.

साडीचा मात्र महिनाभरात कहर झाला. दूध, लाळ, तेल, धुरी. महेश्वरी स्वच्छतेच्या बाबतीत कर्मठ आहे, ती मलाही कधीकधी धुवायला काढते. तिनं तीनदा बादली भरली आणि तीनदा शिवगंगाबाईंनी साडी छातीशी धरून तिला हाकललं. "त्यात तिची आई हाय, वैनी. वतता का पाण्यात?"

आणि डिसेंबरात एका सकाळी ती साडी दोरीवर वाळत होती. जांभळा काठ उन्हात चमकत होता, साबणाचा वास आमच्या दारापर्यंत येत होता.

महेश्वरी खूश. "धुतली एकदाची! कसं हो मन वळलं?"

शिवगंगाबाई म्हणाल्या, "घाण झाली हुती."

हळू म्हणाल्या. एवढं हळू की आम्ही दोघं एकमेकांकडं पाहायला लागलो. दुसऱ्या दिवशी दूधवाला दारावरून तसाच पुढं गेला, कारण हाकच आली नाही. तिसऱ्या दिवशी निम्मी गल्ली उशिरा उठली. लोक मला विचारायला लागले, बाई आजारी आहेत का? त्या आजारी नव्हत्या. अंगणात पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या आणि वाळलेली साडी बाजेवर घडी घालून ठेवलेली. महारुद्र समोर दोर वळत. तोही उलटा वळत होते, हे मला बाजारातल्या माणसानं नंतर सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तेरणाला महेश्वरीच्या हातात दिलं, दुधाचा डबा आमच्या ओट्यावर ठेवला आणि तेरच्या बसला गेल्या. ते सहा तास आम्ही कसे काढले यावर मी वेगळं पुस्तक लिहू शकतो. मी पोरीसमोर बेडूक झालो, रेल्वे झालो, शेवटी तिनं रडून रडून मला माणूस केलं. उपाय महारुद्रांना सापडला. ते दारात येऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडले, "ओऽऽ!" पोरगी गप्प झाली. गल्लीही.

दुपारी शिवगंगाबाई परत आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला दाव्याची दुहेरी गाठ. वाटेत वास उडू नये म्हणून. आत एक साडी, चुरगळलेली, हिरवी.

तिथं काय झालं ते त्यांनी महेश्वरीला सांगितलं. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो, ते उलटं होतं.

"तिला म्हनलं, तुजी अंगावरची साडी दे. तर म्हनती, पहिलीचं काय झालं आक्का? म्या म्हनलं, धुतली. कुणी? म्हनलं, म्याच." मग त्यांनी पिशवीची गाठ चाचपली. "पोरीनं त्या दिवशी हात वर केलं वैनी, मला घे म्हून. पहिल्यांदाच. दोन्ही हात. मग मला काय झालं कुणास ठावं, उठले आन बादलीच भरली."

"मग अर्पिता काय बोलली?"

"काय न्हाय. मग खोलीत गेली, नेसलेली सोडली, दुसरी नेसून आली, आन ही हातात दिली. आई लिंबाखाली बसलेली. तिनं समदं आयकलं. श्रीनाथला म्या न शिवताच आले. माज्या अंगाला हिचा वास हुता ना. त्यो बिथरला असता."

त्या रात्रीपासून हिरवी साडी. आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला हाक. दूधवाल्याच्या कॅनचं झाकण पडलं.

येळवशीला रणधीरनं आम्हालाही बोलावलं. ज्वारी छातीला लागलेली, हरभरा घाट्याला आलेला. रानाच्या मधोमध कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, पुढं पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडगंभर आंबील. एरवी जिथं माणूस दिसायला दुर्बीण लागते तिथं त्या दिवशी सगळ्या बांधांवर पंगती. रणधीर आंबिलीचं गाडगं घेऊन रानाला फेरी घालत 'होलगे होलगे, सालम पोलगे' ओरडत होता. या आरोळीचा अर्थ प्रत्येक शेतात वेगळा सांगतात आणि प्रत्येक शेतात ठामपणे सांगतात.

कोपीपुढं पूजा झाली. अर्पिता समोर बसली होती, आता जरा भरलेली, मांडीवर श्रीनाथ. शिवगंगाबाईंनी पाठीवरची गाठ सोडली आणि तेरणाला तिच्या दुसऱ्या मांडीवर ठेवलं.

पोरगी आधी रडलीच. जे सगळ्यांना वाटत होतं तेच. मान फिरवून तिनं शिवगंगाबाईंकडं दोन्ही हात केले. त्यांनी आपले हात मागं घेतले आणि पाठीमागं एकमेकांत घट्ट धरले. मी मागंच बसलो होतो, मला ती बोटं दिसत होती. अर्पितानं काही लाडीगोडी केली नाही. नुसता पदर पोरीच्या तोंडाजवळ नेला. पोरीनं तो मुठीत धरला, तोंडात कोंबला, हुंगला, चोखला. रडणं अडखळलं. मग तिनं शेजारच्या मांडीवर एक ओळखीचं माणूस पाहिलं आणि त्याचा कान धरून ओढला. श्रीनाथ असा केकाटला की शेरडं उठली.

"घ्या!" धुरपदाबाई म्हणाल्या. "बसलं बिऱ्हाड."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं शिवगंगाबाई हसल्या, आणि गाडगं उचलून रानाच्या दुसऱ्या फेरीला स्वतःच निघाल्या. ज्वारीत दिसत नव्हत्या, नुसती आरोळी फिरत होती. फेरी फार वेळ चालली. चार एकरांना एवढा वेळ लागत नाही.

निघताना अर्पिता बांधापर्यंत आली. "आक्का," ती म्हणाली, "तुमची साडी ठिवून जावा."

"माजी? कशाला?"

"तिला तुमचा बी वास ऱ्हाऊ द्या की. मी न्हाय धुवायची."

शिवगंगाबाई खोलीत जाऊन अर्पिताची साडी नेसून आल्या. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा महारुद्र सवयीनं म्हणाले, "दोन मोठे, एक बाळ." मग म्हणाले, "बरं. दोन."

लिंबाची झोळी अजून सोडलेली नाही. वारं सुटलं की घुंगरं वाजतात आणि त्या घरातून कुणीतरी पटकन बाहेर येऊन बघतं. कधी त्या, कधी ते. डोंगराकडं मात्र त्या एकट्या जातात.

आणि दर आठव्या दिवशी त्या एस.टी. स्टँडवर तेरच्या कंडक्टरच्या हातात एक पिशवी देतात. दाव्याची दुहेरी गाठ मारलेली. वास आठ दिवसांत उतरतो, हा म्हातारीचा हिशोब. कंडक्टरनं परवा नाकाला रुमाल लावला आणि कळवळून म्हणाला, "मावशी, पाहुण्याकडं साडी पाठवताय, निदान धुऊन तरी पाठवा हो!"

"बापू," शिवगंगाबाई म्हणाल्या, आणि फलाटावरच्या चारही बसमधली माणसं वळून पाहायला लागली, "धुतली तर मंग पाठवू काय?"