शेजारच्या खड्ड्यातला अणू

राग आला की ईश्वरीचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. कॉलेजातली मुलं त्या आवाजाला लई भ्यायची. त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत तिनं बजरंगला जे विचारलं, ते दारातल्या शिपायालाही ऐकू गेलं नाही.

"कोपऱ्यातल्या मशीनवरचं माझं काम कुठंय?"

बजरंग कॉलेजचा क्लार्क. मान वर न करता तो म्हणाला, "फॉरमॅट मारली, मॅडम. इलेक्शनच्या चिठ्ठ्या छापायच्यात. साहेब म्हणले, सगळ्या मशीन रिकाम्या करा."

"हात लावू नका म्हणून कागद चिकटवला होता मी."

"व्हता की. साहेबांना दावला बी. ते म्हणले, फाड."

ईश्वरी धारूरच्या पंचाक्षरी किराणावाल्यांची मुलगी. एमएस्सी झाल्यावर गेवराई तालुक्यातले पुढारी विठ्ठलराव यांच्या शिक्षणसंस्थेच्या या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागली. तास संपले की कॉम्प्युटरच्या खोलीत बसून पीएचडीचं काम करायची. साल दोन हजार दोन. लेसरचे किरण एकमेकांवर सोडले की उजेडाचीच एक जाळी तयार होते, अंडी ठेवायच्या ट्रेसारखी, खड्डे खड्डे असलेली. विलक्षण गार केलेले अणू त्या खड्ड्यांत बसतात. जाळी उथळ असली तर ते सगळीकडं वाहत फिरतात, खोल केली तर जागच्या जागी थिजतात. जर्मनीत नुकतंच कुणीतरी हे करून दाखवलं होतं. पण त्या हिशेबात एका खड्ड्यात शिरलेले अणूच एकमेकांना ढकलत. शेजारच्या खड्ड्यातला अणूसुद्धा ढकलत असेल तर? मग ते एक भरला, एक रिकामा, असे बुद्धिबळाच्या पटासारखे बसतील. आणि त्यात थोडे अणू जास्तीचे घातले तर पट मोडेल, की पट तसाच राहून अणू त्यातून वाहतील? तिचा प्रश्न हा होता. उत्तर काढायला मशीन आठवडेच्या आठवडे चालवावं लागे. प्रोग्राम फ्लॉपीवर शिल्लक होता. निघालेले आकडे गेले ते गेलेच.

ती तडक विठ्ठलरावांच्या केबिनमध्ये गेली. चार कार्यकर्ते चहा पीत होते.

"बसा मॅडम. कावून आलात?"

"माझं काम तुम्ही पुसायला लावलंत."

"काय काम व्हतं?"

तिनं थोडक्यात सांगितलं. विठ्ठलराव बशीत चहा ओतत म्हणाले, "मग त्या अणूंना घाई हाय का? इलेक्शन झाल्यावर बसवा की खड्ड्यात. त्यांना काय मतदान न्हाई."

कार्यकर्ते हसले. ईश्वरीचे कान तापले.

"ते मशीन विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैशातून आलंय," ती म्हणाली. "तुमच्या चिठ्ठ्यांसाठी नाही."

विठ्ठलरावांनी बशी खाली ठेवली. "उद्यापासून प्रचाराला मास्तर लोक जाणार हायेत. तुमी बायकांत फिरा."

"मी जाणार नाही."

ती गेली नाही. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली गेली. मग दर शनिवारी एसटीनं अंबाजोगाईला जायचं, तिथं मैत्रिणीच्या इन्स्टिट्यूटमधल्या मशीनवर प्रोग्राम लावायचा, पुढच्या शनिवारी बघायचं, असं सुरू झालं. वीज जाई, पुन्हा पहिल्यापासून. एसटीच्या खिडकीशी बसून ती विठ्ठलरावांना मनात काय काय सुनावी.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. एका खड्ड्यात दुसरा अणू शिरायला मुभा असली, तर तिच्या लहानशा जाळीपुरतं तरी दोन्ही एकदम घडत होतं. पटही टिकत होता आणि त्यातून अणू वाहतही होते. शेजाऱ्याचं ढकलणं हिशेबातून काढलं की पट नाहीसा. मैत्रिणीनं पेढे आणले, तरी तिला हसू फुटेना. हे सहा महिन्यांपूर्वीच हाती आलं असतं.

शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. पेपरात चार ओळी आल्या, आणि संस्थेनं सत्कार ठेवला. स्टेजच्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं होती: 'अणुबॉम्ब संशोधिका'. विठ्ठलराव माईकवर म्हणाले, "आमच्या मॅडमला लागंल ते संस्थेनं दिलं."

शाल पुढं आली तेव्हा ईश्वरीनं ती घेतली नाही. माईक घेतला.

"बॉम्बशी माझ्या कामाचा काही संबंध नाही. आणि संस्थेनं काय दिलं ते सांगते. माझं काम पुसलं, किल्ली काढून घेतली. हे काम अंबाजोगाईला झालंय."

समोर मुलं बसली होती. कुणी टाळी वाजवली नाही. बजरंग मागच्या भिंतीला टेकून उभा होता, तो बाहेर निघून गेला.

आठवड्यात तिची बदली संस्थेच्याच चकलांब्याच्या शाळेत झाली. तिचे वडील तिला समजवायला धारूरहून आले.

"नाव झालं, पीएचडी हुईल. आता राग सोड, बाई."

ईश्वरी नववीच्या वह्या तपासत होती. मान वर करून ती हळूच म्हणाली, "कावून सोडू, अप्पा?"