सिगारेटचा वास

सौदीत माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले ते गृहस्थ रास तनुराच्या रिफायनरीत कामाला होते. जुनी गाडी घेतल्यापासून रोज सीट घासायचे, खाण्याचा सोडा पसरायचे. आधीच्या मालकाच्या सिगारेटचा वास जाईना, आणि मुलीला दमा.

ती नाशिकहून येणार त्या दुपारी मी खाली उतरलो, तर हे भर उन्हात बंद गाडीत, घामानं निथळत, डोळे मिटून बसलेले. मी घाबरून काच बडवली.

"तापल्यावर वास वर येतो," ते दार उघडत म्हणाले. "माझ्या नाकाला सवय झालीय. तुम्ही बसून सांगा."

मी बसलो. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"येतोय. थोडासा."

त्यांनी गाडी लॉक केली, टॅक्सीवाल्याला फोन लावला.

"भाई, गाड़ी में सिगरेट तो नहीं पीते?"