वरच्या खोलीतल्या अंजूचे थेंब

अंजू तीन वर्षं वरच्या खोलीत भाड्यानं राहिली, पण खरं सांगायचं तर घरमालक प्राणेशरावांना तिच्याविषयी फारसं काही ठाऊक नव्हतं. कोहिनूर गावच्या शेतकऱ्याची मुलगी. इथून, आळंदहून, रोज कडगंचीला विद्यापीठात जायची. मज्जापेशींवर संशोधन करायची. एवढंच. जास्त विचारायला त्यांची जीभ रेटत नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र तिचा चेहरा उतरलेला दिसू लागला. एका सकाळी ती ताक न्यायला खाली आली आणि नेहमीच्या फरशीशी थांबली. स्वयंपाकाच्या त्या कोपऱ्याला ना भिंत होती ना दार. पण प्राणेशरावांच्या पत्नी शारदाबाई मडीत, म्हणजे सोवळ्यात असल्या की त्या फरशीपलीकडे कुणी पाऊल टाकत नसे.

"बरं नाही का गं?" प्राणेशरावांनी धीर करून विचारलं.

"मी बरी हाय काका. कामच अडलंय." तिनं काकूंकडे बोट केलं. "हितं भिंत न्हाई, तरी आतलं आत, बाहेरचं बाहेर. दोन मज्जापेशी जिथं भेटतात, तिथं बी असंच. प्रथिनं गोळा होऊन थेंब होतोय, त्याला पडदा बिडदा काही न्हाई. पलीकडून आलेला निरोप झेलणारी प्रथिनं तो थेंब बरोबर समोर धरून ठेवतोय. माझ्या काचेवर थेंब तर व्हायलाय, पण झेलणारं प्रथिन आतच जायना झालंय. न्हाई गेलं तर प्रबंध बुडाला म्हणा."

"कुणाला तरी शिवून आलं असंल," शारदाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या. "आंघोळ घाल त्याला."

"रोज तेच करायलेय की काकू!" कितीतरी दिवसांनी अंजू हसली.

पंधरवडा गेला. एका संध्याकाळी ती चपला न काढताच ओरडत आली. "काका, गेलं आत! द्रावणात मीठ जास्त व्हतं. कमी केलं आन् गेलं!"

"आमटीत तर कधी कमी केलं नाहीस," शारदाबाई म्हणाल्या.

थेंबाचं सगळं आपल्याला नीट कळलं की नाही, याची प्राणेशरावांना खात्री नव्हती. पण तिचा चेहरा त्यांना कळला.

प्रबंध पुरा झाला. पुढचं काम बेंगळूरला मिळालं. निघायच्या दिवशी प्राणेशराव फाटकापर्यंत गेले. बोलायचं पुष्कळ होतं.

"जेवलीस ना?"

"व्हय काका. खोलीची किल्ली खिळ्याला अडकवलीय."

"बरं."