हाफ टाइमचं भाषण

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं उशिरा आली. त्याआधी मी पत्रकं वाचली. बाबा कामगार संघटनेचे कार्यकर्ते. गादीखाली, कपाटावर, पिठाच्या डब्याला झाकण म्हणूनसुद्धा पत्रकंच असायची, गुलाबी आणि पोपटी कागदावर छापलेली. गावात काही नवं सुरू झालं की बाबा एकच विचारायचे, "यात फायदा कोनाचा?" मीही तेच विचारत मोठी झाले.

म्हणून नांदेडच्या चौकात युरोपियन प्रशिक्षकाचा फ्लेक्स लागला तेव्हा मला आनंद झाला नाही. मी आधी फोटोंचे आकार पाहिले. सगळ्यात मोठा फोटो साहेबांचा, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा. त्याखाली त्यांचा पुतण्या, मुख्य प्रशिक्षक. कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढा, एका गोऱ्या, टक्कल पडत चाललेल्या माणसाचा. 'क्रोएशियाचे माजी फुटबॉलपटू. सहायक प्रशिक्षक.' पुतण्यानं जन्मात टेनिस बॉलच्या क्रिकेटशिवाय काही खेळलेलं नव्हतं. त्याच्या हाताखाली तिकडचा खेळाडू कशाला येईल?

साहेबांची नवी फुटबॉल अकादमी ज्या मैदानावर होणार होती, त्यावर रोज संध्याकाळी आम्ही मुली खेळायचो. अर्धं गवत, अर्धा मुरूम, पण आमचं. पुतण्या म्हणाला, "लातूरची स्पर्धा होईस्तोवर खेळा. मग बघू." आमच्याकडं 'मग बघू' म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. अकादमीची मुलं अजून यायची होती. तोवर फ्लेक्सवर छापायला सरावाचे फोटो हवे होते, म्हणून त्या गोऱ्या माणसाला आमच्यावर सोडलं.

पहिल्या दिवशी मुली त्याच्या पाया पडायला वाकल्या, तर आपलं काहीतरी खाली पडलं असं वाटून तोही शोधायला वाकला. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. हसवणाऱ्या माणसाला आधी तपासावं, असं माझं मत आहे.

त्या दिवशी घरी मी मोबाईलवर त्याची कारकीर्द शोधली. उजव्या बाजूचा बचावपटू. खालच्या गटातले क्लब, कुठंच फार काळ नाही. गुडघा गेल्यावर सहायक प्रशिक्षक, तेही या गावातून त्या गावात. मुख्य प्रशिक्षक कधीच नाही. मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"इतक्या जागी टिकला न्हाई म्हंजे एक तर लई भांडखोर, न्हाईतर लई भित्रा. कोन्ता हाय ते तू बघ."

मी बघायला लागले. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच तोडकंमोडकं, त्यामुळं बोलणं जमायचं. एकदा सराव संपल्यावर प्लास्टिकचे कोन गोळा करताना मी सरळच विचारलं, तुम्ही नेहमी सहायकच का?

"मुख्य प्रशिक्षकाला हार पहिला आणि लाथही पहिली," तो म्हणाला. "सहायक कोन गोळा करतो. नवा साहेब आला तरी कोन गोळा करायला कोणीतरी लागतंच."

मग त्यानं त्याच्या पहिल्या क्लबबद्दल सांगितलं. तिथल्या मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात. त्याआधी तिथंही मालकाचे मोठमोठे फोटो लागले होते. मी हातातले कोन खाली ठेवून ऐकलं. घरी जाताना मात्र वाटलं, हे त्यानं मलाच का सांगितलं? माझा विश्वास बसावा म्हणून?

संशयाला दुसरंही कारण होतं. मी स्टॉपर, म्हणजे बचावातली शेवटची. माझी लांब किक हाच आमचा सगळा खेळ. मागून मी हाणायची आणि पुढं आमच्यातली उमरी गावची पोरगी वाऱ्यासारखी सुटायची. यानं ती किकच बंद केली. छोटे पास, बाजूनं, परत मागं. मी किक मारली की शिट्टी.

"आपल्याला हरवायला आणलंय याला," मी म्हणाले.

उमरीच्या पोरीनं बुटाची नाडी दातानं ओढली. "ताय, तू समद्यांवरच डाऊट खातीस. उद्या बॉलवर पन खाशील."

"बॉल कोणी दिले ते बघ की."

"बघितलं. साहेबाचं नाव हाय त्याच्यावर. म्हनून तर जोरात हानते."

लातूरला आम्ही जीपमधून गेलो, एकमेकींच्या मांडीवर बसून. अंतिम सामना लातूरच्याच मुलींशी होता. साहेब प्रमुख पाहुणे. पण त्यांना उदगीरला लग्नाला जायचं होतं. सामना संपेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मग आयोजकांनी आपल्याकडं करतात तेच केलं. सत्कार, फेटे आणि भाषण, सगळं हाफ टाइमला ठेवलं.

हाफ टाइमला आम्ही एका गोलनं मागं होतो. आमचे छोटे पास लातूरच्या मुलींना पाठ झाले होते. त्या पार आमच्या अंगावर चढून खेळत होत्या. मी पाण्याच्या जारकडं गेले. तो सत्काराच्या मंडपाला लागूनच होता. आत पुतण्या आमच्या गोऱ्या सरांना विचारत होता, "गर्ल्स विन? चान्स?"

सरांनी डोक्यावरचा फेटा सावरला, मान हलवली आणि म्हणाले, "नो. फिनिश."

पुतण्या साहेबांच्या कानाला लागला. साहेब हसले, उठले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"या माझ्या लेकी हायत! आज या जिंकल्या, तर नांदेडचं ते ग्राउंड रोज संध्याकाळी यांचंच! कोन यांना हलवतो, ते मी बघतो!"

टाळ्या पडल्या. लोकांनी मोबाईल वर धरले होते. हरणाऱ्या पोरींना मैदान द्यायला काही लागत नाही. साहेब गाडीत बसून लग्नाला गेले.

सर आमच्याकडं आले. त्यांच्या तोंडाकडं बघायची माझी इच्छा नव्हती. उमरीच्या पोरीला त्यांनी अगदी पुढं उभं केलं. मग माझ्या खांद्याला बोट लावलं. "आता किक. लांब."

मी रागानं हाणली. त्यांनी सांगितली म्हणून नाही, रागानं. लातूरच्या मुली सगळ्या पुढं आलेल्या. मागं मोकळं रान. पहिला गोल झाला तेव्हा त्यांना काही कळलंच नाही. दुसरा झाला तेव्हा कळलं, पण तोवर वेळ संपत आली होती. आम्ही जिंकलो. उमरीची पोरगी माझ्या पाठीवर चढून ओरडत होती, "ताय, ग्राउंड! ग्राउंड!" पुतण्या मंडपात फेटा उलगडत बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानाच्या गेटला कुलूप.

त्या जागेवरच मी पत्रक लिहायला सुरुवात केली. घरी येऊन बाबांना दाखवलं. लुटारू, ढोंगी, जनतेचे शत्रू, सगळं होतं त्यात. बाबांनी पेन घेतला.

"हे शब्द काड. शिव्या दिल्या की त्यांना राग यायची सोय होते. आभार मान. त्यांचंच वाक्य टाक, जसंच्या तसं."

गुलाबी कागदावर पत्रक निघालं. वर ठळक अक्षरात 'जाहीर आभार'. खाली साहेबांचं माईकवरचं वाक्य आणि आमच्या सगळ्यांच्या सह्या. स्टेशनपासून बाजारापर्यंत आम्ही ते वाटलं. लोक साहेबांना भेटून अभिनंदन करायला लागले. भाषणाचा व्हिडिओ तर आधीच फिरत होता. आठवडा संपायच्या आत कुलूप निघालं. 'चुकून लागलं होतं,' असा निरोप आला.

संध्याकाळचं मैदान हातचं गेल्यावर अकादमी मात्र बारगळली आणि सरांचं काम संपलं. जायच्या आदल्या दिवशी ते मैदानावर आले. मी त्यांना विचारलं, "तुम्ही फिनिश म्हणालात. मी ऐकलं."

"हो."

"मुद्दाम म्हणालात? त्यांनी बिनधास्त शब्द द्यावा म्हणून?"

त्यांनी गवतातला एक कोन उचलला. "त्यांनी विचारलं. मी सांगितलं."

"मग मला किक का मारायला लावली?"

"तुला किक मारता येते."

मी गुलाबी पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं. "यात माझं नाव आहे?"

"नाही."

"छान," ते म्हणाले, आणि त्याची घडी करून खिशात ठेवली. पुढच्या गावी पुन्हा सहायक म्हणूनच जाणार होते.

घरी बाबांनी विचारलं, "मग? कोन्ता निघाला?"

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. नाव नको म्हणणारा माणूस शूर होता की नोकरी सांभाळणारा, याचा छडा मला लागलेला नाही, आणि न कळलेल्या माणसाला मी थोर म्हणणार नाही.

मैदान सध्या आमचं आहे. 'सध्या' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते. गेटजवळ नवा फ्लेक्स लागला की उमरीची पोरगी मला हाक मारते. मी जाते आणि आधी कोपऱ्यातला फोटो बघते.