पाळलेले भुंगे

गाजरगवत उपटून टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुंजारामची अडचण अशी, की नुसता त्या गवतावरून वारा आला तरी त्याची मान, पापण्या, कोपरं पेटायची, कातडी भेगाळायची आणि मागोमाग दमा उचल खायचा. पैठण रस्त्यावरच्या आमच्या वस्तीत त्याच्या घरामागचं सगळं पडीक रान त्या फुलोऱ्यानं पांढरं असायचं. भला माणूस स्वतःच्या अंगणाला महाग झाला होता.

त्याची बायको मनकर्णाबाई हट्टाची. खुरपून थकली तेव्हा संभाजीनगरच्या कृषी केंद्रात गेली आणि गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे घेऊन आली. एसटीत डबा मांडीवर, झाकणाला भोकं पाडलेली. लोक कोंबड्या पाळतात, हिनं किडे पाळले, म्हणून वस्ती हसली. पण दसऱ्यापर्यंत गवताची चाळणी झाली आणि पुंजारामची बाज अंगणात आली.

दिवाळीच्या तोंडावर ती मजुरीला गेलेली असताना पुंजारामला गवतावर पिवळट अळ्या दिसल्या. पट्ट्यापट्ट्यांचे भुंगे तो ओळखत होता, त्यांची पिल्लं नव्हे. बायकोच्या भुंग्यांचा चारा दुसरीच कीड खातेय, असं त्याला वाटलं. कपाशीच्या मुलखात अळी दिसली की हात पंपाकडंच जातो. तोंडाला फडकं बांधून त्यानं सगळं रान फवारलं. संध्याकाळी बायकोनं पाहिलं तेव्हा गवताखाली भुंग्यांचा सडा पडला होता.

केंद्रातल्या मेघाताईंना फोन करून तिनं त्याला सांगितलं, की बरेच भुंगे थंडीआधीच मातीत उतरतात, ते जगतील.

"मन राखायला बोलतीस तू," तो म्हणाला.

दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणणारा माणूस. जन्मभर कपाशीवर फवारण्या केल्या तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं, पण हे पाळलेले होते. ते त्याच्या मनातून जाईना. झोप उडाली. माघात दम्यानं तो गेला, आणि जातानाही त्याच्या तोंडी तेच होतं.

आषाढी पौर्णिमेला विहारातून येऊन मनकर्णाबाई घरामागं गेली. कोवळ्या गाजरगवतावर पट्ट्यांचे भुंगे चढत होते, अंगावर अजून माती घेऊन. एक तिनं तळहातावर घेतला आणि अंगणात रिकाम्या बाजेपाशी आली.

"मलाबी खरं वाटत नव्हतं ओ," ती म्हणाली. "पर हायेत. आता तरी निवांत निजा."