पायाची नाडी बघणारे डॉक्टर

"पाय दाखवा."

नांदेडच्या सरकारी दवाखान्यातले आमचे सर्जन प्रत्येक पेशंटला आधी हेच म्हणायचे. दुखणं पोटाचं असो की मानेचं, ते खाली वाकायचे, पावलावर दोन बोटं ठेवायचे आणि डोळे मिटायचे. रक्त तिथपर्यंत पोचतं का, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकदा बिलोलीकडचा, त्यांच्याच गावचा एक मोठा शेतकरी आला. बिड्या ओढून ओढून पायाच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या, अंगठ्याला न भरणारी जखम. डॉक्टरांचे वडील याच म्हाताऱ्याच्या शेतात राबलेले. डॉक्टरांचं घर आमच्यासारखंच बौद्ध. डॉक्टर वाकले तसा म्हाताऱ्याने पाय मागे घेतला. त्याला विटाळ वाटला की लाज, ते तुम्हीच ओळखा.

"काका, पाया पडत न्हाई मी," डॉक्टर म्हणाले. "नाडी बघून राहिलो."

म्हाताऱ्याने पाय पुढे केला. कमरेतला, पायाच्या वाहिन्या आवळून धरणारा मज्जातंतू कापून डॉक्टरांनी त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सैल केल्या आणि जखम भरली. उशीखाली लपवलेल्या बिड्या मात्र ते रोज स्वतः काढून फेकायचे.

बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहा उभ्याने, राउंड जवळजवळ पळत. ऑपरेशन झालेल्याच्या पायाला हात लावायला अर्ध्या तासात चार चकरा. मी थिएटरची सिस्टर. "सर, पाय कुठं पळून जात न्हाई," असं म्हटलं की ओशाळायचे, जायचे, आणि पुन्हा यायचे.

दुष्काळाची वर्षं होती. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि डॉक्टरांची बदली तिकडे झाली. निघायच्या दिवशी त्यांची वळकटी थिएटरच्या दाराशी होती, तीनची एसटी धरायची होती. दोन वाजता मुखेडकडून एक टेम्पो आला. आत रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी तिशीची बाई. सकाळी आठला हातोडा उचलला आणि डावा पाय एकाएकी कळ येऊन बधिर झाला. मी हात लावला. पाय गार होता, पाऊल पांढरं पडलेलं.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "सहा तास झाले, यापुढं पाय मरतो," एवढंच म्हणाले आणि वळकटी ओलांडून हात धुवायला गेले.

बाईच्या हृदयाची झडप आधीपासूनच खराब होती. तिथे धरलेली रक्ताची गुठळी सुटून जांघेतल्या धमनीत अडकली होती. ती काढायला डॉक्टरांकडे मुंबईहून आणलेली एक बारीक नळी होती, टोकाला इवलासा फुगा. गुठळीच्या पलीकडे नेऊन फुगा फुगवायचा आणि नळी मागे ओढायची. अशी नळी एकच, धुऊन धुऊन वापरलेली. भूल जांघेपुरतीच दिली, बाई जागी होती. वरच्या बाजूची गुठळी निघाली. नळी पोटरीकडे घातली आणि फुगा फाटला.

त्या माणसाला एका जागी स्तब्ध मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग ते म्हणाले, "सिस्टर, जुन्या लोकांकडं फुगा नव्हता. पाय पिळा."

घोट्यापासून वर रबरी पट्टा गुंडाळत, दोन्ही हातांनी पोटरी दाबत मी वर सरकत गेले. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्या खेपेला धमनीच्या चिरेतून गांडुळासारखी लांब, काळी गुठळी बाहेर आली आणि मागोमाग रक्त. बराच वेळ गेला. मग बाई कण्हली, "पायात आग व्हायलीय." बधिर पायाला जाग आली होती; डॉक्टर मास्कआड हसले ते मला डोळ्यांवरून कळलं.

ते दुसऱ्या दिवशी लातूरला गेले. पाय वाचला, दोन बोटं गेली. लातूरहून त्यांचे ट्रंक कॉल यायचे. बोटांचं सांगितलं तेव्हा आधी कुठली दोन, ते विचारलं. मग म्हणाले, "फुगा मी आधी तपासायला पाहिजे होता." मी म्हटलं, सर, पाय हाय की तिला. ते त्यांना पुरलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा तेच.

बाई दर महिन्याला हृदयाच्या गोळ्या न्यायला यायची आणि डाक्टर कवा येणार, असं विचारायची. तिसऱ्या वर्षी लातूरहून निरोप आला, डॉक्टर गेले. वय पन्नाससुद्धा नव्हतं. गोळ्यांच्या रांगेत तिला हे सांगणं मला जमेना. एका रविवारी मुखेडची एसटी धरून मी तिच्या गावी गेले.

ती ज्वारी निवडत होती. ऐकून हात थांबले. मग खाली बघतच बोलली.

"तुमी पाय पिळून राहिल्या होत्या ना बाई, तवा ते मला हळूच इचारत होते, पाणी कुठून आणता म्हणून. म्या म्हणलं, दीड कोसावरून. तर म्हणले, माझी माय बी तेवढंच चालायची."

तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नंतर फाट्यापर्यंत पोचवायला आली. ऊन मोठं होतं, धुळीची वाट. ती डावीकडे किंचित झुकत पुढे चालली होती आणि मी मागून दम खात येत होते. हळू चल म्हणून दोनदा हाक मारली. तिला ती ऐकू गेली नाही.